पाणथळ सपाटीवरील कच्च्या वाटा आणि मोटारविरहित सायकलप्रवास : खर्डा ते उजनी फुगवटा या परिसराच्या संदर्भात

सारांश

पाश्चात्त्य देशांत गेल्या दोन दशकांत डांबरी रस्ते सोडून खडी-मुरुमाच्या वाटांनी सायकलप्रवास करण्याची पद्धती रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीचा विचार अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा (ता. जामखेड) ते कर्जत तालुक्यातील भीमाकाठ या पट्ट्याच्या संदर्भात केला आहे. उजनी जलाशयाच्या फुगवट्याचा काठ सपाट का आहे, तेथील वाटा कोणत्या प्रकारच्या आहेत, त्यांना कायद्याने कोणते स्थान आहे, कोणती सायकल व कोणता ऋतू तेथे उपयुक्त ठरतो आणि मोटार वगळल्याने पाणथळीचे नेमके काय साधते, यांचे विवेचन येथे आहे. पाणंद ही सार्वजनिक संपत्ती असून तिची नोंद व जपणूक करण्यात ग्रामीण महाविद्यालये मोलाची भूमिका बजावू शकतात, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : पाणंद, गाडीवाट, फुगवटा, गाळपेर, पाणथळ, सायकलप्रवास.

१. प्रस्तावना

खर्डा हे नाव घेताच इतिहासाच्या अभ्यासकास ११ मार्च १७९५ ची लढाई आठवते. मराठे व निजाम यांच्या फौजा या परिसरात समोरासमोर आल्या, तेव्हा तोफा, दाणागोटा, तंबू आणि जनावरे यांची सारी वाहतूक कच्च्या वाटांवरूनच झाली. पुढे डांबरी रस्ते आले, एस.टी. आली, मोटारी आल्या. परंतु जुन्या वाटा नाहीशा झाल्या नाहीत. शेताकडे जाणारा शेतकरी, शाळेला निघालेली मुले, दुधाच्या किटल्या लावलेली सायकल, ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांच्या बैलगाड्या हे सर्वजण त्या वाटा वापरत राहिले. मात्र आपल्या अभ्यासविषयांत या वाटांना स्थान मिळाले नाही. भूगोलाच्या नकाशात राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग व जिल्हा मार्ग असतात, पाणंद नसते.

खर्डा बालाघाटच्या रांगेच्या कडेला वसलेले आहे. जामखेड तालुक्याला बीड, धाराशिव व सोलापूर या तिन्ही जिल्ह्यांच्या सीमा लागून आहेत. येथून पश्चिमेकडे निघाल्यास सीना नदीकाठचे चौंडी लागते. अहिल्यादेवी होळकरांचे हे जन्मस्थान. २०२४ मध्ये जिल्ह्याला मिळालेले नाव त्यांच्यावरूनच आले आहे. सीना ओलांडून कर्जत, तेथून राशीन आणि पुढे भीमेच्या उत्तर तीरावरील सिद्धटेक असा सुमारे शंभर किलोमीटरचा हा पट्टा आहे. त्याचा आरंभ माळरानात होतो आणि शेवट पाणथळीत. या दोन टोकांमधील अंतर मोटारीशिवाय पार करता येते काय, आणि तसे का करावे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) कच्च्या वाटांवरील सायकलप्रवासाची संकल्पना स्थानिक संदर्भात स्पष्ट करणे.
(२) उजनी फुगवट्याच्या काठाची भौगोलिक घडण आणि तेथील वाटांचे प्रकार समजावून देणे.
(३) मोटारविरहित प्रवासाचे लाभ व मर्यादा यांची चिकित्सा करणे.
(४) या वाटांच्या जपणुकीसाठी महाविद्यालयीन स्तरावर करता येण्याजोगी कामे सुचविणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

३. संकल्पना : नवी सायकल की जुनीच?

खडीच्या वाटांसाठी बनविलेल्या सायकलीस इंग्रजी भाषक देशांत 'ग्रॅव्हल बाइक' म्हणतात. शर्यतीच्या सायकलीपेक्षा तिचे टायर रुंद असतात, साधारणतः ३५ ते ५० मिलिमीटर. सांगाडा अधिक स्थिर असतो आणि बसण्याची ठेवण लांबच्या प्रवासास सोयीची असते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीने या प्रकाराला प्रसिद्धी दिली. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने इटलीत या प्रकारातील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. अशा सायकलींची किंमत पाहता हा श्रीमंतांचा छंद आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु तांत्रिक अंगाने पाहिल्यास चित्र वेगळे दिसते. आपल्याकडे अनेक पिढ्या चालत आलेली काळी, उंच, दांडीची सायकल २८ × १½ इंची टायरवर धावते. दीड इंच म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर. याचा अर्थ असा की ज्या रुंदीचे टायर आज खडीच्या वाटेसाठी नव्याने सुचविले जातात, त्याच रुंदीचे टायर आपल्या दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या व शिक्षकाच्या सायकलीला पूर्वीपासून आहेत. ही सायकल जड होती, तिला गिअर नव्हते. पण ती ज्या रस्त्यांसाठी घडली होती ते रस्ते कच्चेच होते. २०२० मध्ये ॲटलास कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना बंद पडला, तेव्हा एका सायकलयुगाचा शेवट झाला असे अनेकांनी म्हटले. तथापि गावाकडे ती सायकल पूर्णपणे हद्दपार झालेली नाही. शिवाय मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील १२५ तालुक्यांत शाळकरी मुलींना सायकली देण्यात येतात. त्यांतील अनेकींची शाळेची वाट ही पाणंदच असते. म्हणून कच्च्या वाटेवरील सायकलप्रवास ही आपल्यासाठी परकी गोष्ट नाही. परदेशातून आले आहे ते तिचे नाव व तिची बाजारपेठ.

४. प्रदेशाची घडण : फुगवट्याचा काठ सपाट का?

भीमा नदीवर सोलापूर जिल्ह्यात उजनी येथे बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यातील निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते. उन्हाळ्यात वृत्तपत्रांतून 'उजनी उणे पातळीत' असे मथळे येतात, त्याचे कारण हेच : उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातील पाणी वापरले जाऊ लागले की टक्केवारी उणे मोजली जाते.

जलाशय पूर्ण भरला असता पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते आणि मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर. दोहोंतील फरक केवळ ५.८० मीटरचा. डोंगराळ भागातील धरणात एवढ्या फरकाने काठ फारसा सरकत नाही. भीमेचे खोरे मात्र इतके उघडे आणि मंद उताराचे आहे की थोडे पाणी उतरले तरी मोठी जमीन उघडी पडते. उदाहरणादाखल, दर २०० मीटर अंतराला एक मीटर उतार धरल्यास ५.८० मीटर पाणी उतरताच काठ सुमारे १,१६० मीटर मागे सरकेल. म्हणजे दिवाळीत जेथे पाणी असते, तेथून वैशाखात पाणी किलोमीटरभर दूर गेलेले असू शकते.

या उघड्या पडणाऱ्या पट्ट्यास स्थानिक व्यवहारात 'गाळपेर' जमीन म्हणतात. पाणी ओसरताच शेतकरी तेथे हंगामी पिके घेतात आणि पाणी परतण्यापूर्वी काढून नेतात. याच उथळ पाण्यात व ओल्या गाळात पाणपक्ष्यांचे अन्न असते. त्यामुळे हिवाळ्यात रोहित, चक्रवाक, पट्टकादंब, शेकाट्या, चमचा, चित्रबलाक, मोर शराटी अशा पक्ष्यांची येथे गर्दी होते. पुणे जिल्ह्यातील भिगवण व कुंभारगाव ही नावे त्यामुळेच पक्षिनिरीक्षकांना परिचित झाली आहेत. उत्तर तीरावरील कर्जत तालुक्याचा काठ त्या मानाने शांत आहे. जलाशय तुडुंब असताना फुगवटा भीमेच्या पात्रातून सिद्धटेकच्या दिशेने वर सरकतो.

सायकलस्वाराच्या दृष्टीने या घडणीचे दोन परिणाम होतात. एक, काठालगतचा प्रदेश जवळजवळ चढ-उतारविरहित आहे. दुसरा, पाण्याजवळची वाट दरवर्षी, किंबहुना दरमहा बदलते. मागील वर्षीच्या नकाशावर विसंबून गाळपेरात उतरणारा प्रवासी गाळात रुतण्याची शक्यता असते. येथे नकाशापेक्षा गावकऱ्यांचा सल्ला अधिक विश्वसनीय होय.

५. वाटांचे प्रकार व त्यांचे कायदेशीर स्थान

मराठीत वाटेसाठी असलेली शब्दसंपदा मोठी आहे. दोन शेतांच्या कुंपणांमधून जाणारी पाणंद, दोन गावांच्या सीमेवरून जाणारा शिवरस्ता, बैलगाडीची गाडीवाट आणि माणसापुरती पाऊलवाट हे शब्द आजही व्यवहारात आहेत. गाडीच्या चाकांनी पाडलेली खोल रेघ ती चाकोरी. 'चाकोरीबाहेर' हा लाक्षणिक प्रयोग त्यातूनच आला आहे. सायकलस्वाराला मात्र हा शब्द मूळ अर्थानेच समजून घ्यावा लागतो, कारण सायकल चाकोरीतून न्यावी की मधल्या गवताळ वरंब्यावरून, हा निर्णय त्याला वारंवार घ्यावा लागतो.

या वाटा केवळ रूढीने नव्हे, तर अभिलेखानेही अस्तित्वात आहेत. भूमापनाच्या गावनकाशात त्यांच्या खुणा आढळतात. हद्दीचे ग्रामीण रस्ते साधारणपणे ३० ते ३३ फूट रुंदीचे, तुटक दुहेरी रेषांनी दाखविलेले गाडीमार्ग १६.५ ते २१ फुटांचे आणि एकेरी तुटक रेषेचे पायमार्ग ८.२५ फुटांचे मानले जातात. हे आकडे विचित्र वाटले तरी त्यांमागे हिशेब आहे : भूमापनाची साखळी ३३ फुटांची होती, १६.५ फूट ही तिची अर्धी आणि ८.२५ फूट ही पाव लांबी होय.

वाट अडविली गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे आवश्यक असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार शेतकऱ्यास आपल्या शेताकडे जाण्यासाठी बांधावरून वाटेचा हक्क मिळू शकतो. २०२१ मध्ये राज्य शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना जाहीर केली. २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ते शक्यतो तीन ते चार मीटर रुंदीचे असावेत व त्यांची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' सदरात व्हावी, असे धोरण स्वीकारले.

येथे एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. गावनकाशावरील गाडीमार्ग हा सार्वजनिक आहे. परंतु कलम १४३ खालील बांधावरची वाट ही शेतकऱ्याच्या गरजेपोटी दिलेली असते, प्रवाशाच्या हौसेसाठी नव्हे. गाळपेरातील वाट तर शेतीपुरतीच असते. अशा ठिकाणी सायकलस्वार हा पाहुणा असतो आणि पाहुण्याने विचारूनच पाऊल टाकावे.

या सर्वांखेरीज चौथा प्रकार म्हणजे कालव्यालगतचा सेवारस्ता. कुकडी प्रकल्पाचा डावा कालवा श्रीगोंदा व कर्जत तालुक्यांतून करमाळ्याकडे जातो. पाणी स्वतःच्या ओढीने वाहावे म्हणून कालवा समोच्च रेषेच्या अनुरोधाने, अत्यल्प उतारावर खोदलेला असतो. साहजिकच त्याच्या कडेचा रस्ताही जवळजवळ सपाट असतो. सायकलीसाठी याहून अनुकूल रचना शोधूनही सापडणार नाही. तथापि हा रस्ता पाटबंधारे खात्याचा असल्याने तेथे जाण्यापूर्वी खात्याची अनुमती घेणे योग्य ठरते.

६. माती, टायर आणि ऋतू

खर्ड्याकडून निघताना वाट बव्हंशी मुरमाड असते. मुरूम पाणी मुरवतो व दाबला गेल्यावर घट्ट बसतो. भीमाकाठ जवळ येताच काळी माती सुरू होते. या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसून जमिनीला भेगा पडतात. ओली काळी माती चाकाला चिकटते, चाक व चिमट्यामधील जागा भरून काढते आणि काही मीटरमध्ये सायकल ढकलणेही अशक्य होते. अशा वेळी रुंद टायरही उपयोगी पडत नाही. वाट वाळण्याची प्रतीक्षा करणे हाच उपाय. म्हणून या पट्ट्यातील प्रवासास नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य होय. पावसाळा संपलेला असतो, माती आवळलेली असते आणि स्थलांतरित पक्षीही आलेले असतात.

टायरमधील हवेविषयी सर्वसाधारण समजूत अशी आहे की हवा जितकी जास्त, तितकी सायकल हलकी चालते. गुळगुळीत डांबरावर हे बऱ्याच अंशी खरे आहे. खडबडीत वाटेवर मात्र कडक टायर प्रत्येक खड्यावरून उसळतो आणि पुढे नेणारी शक्ती सायकल व स्वार यांना वर-खाली हलविण्यात खर्च होते. थोडा मऊ टायर खड्याला आपल्यात सामावून घेतो. मध्यम वजनाच्या स्वाराने ३८-४० मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये चाळीस पौंडांच्या आसपास हवा ठेवल्यास प्रवास सुसह्य होतो. फार कमी हवा ठेवल्यास दगडावर आपटून ट्यूब चिमटली जाते, हेही ध्यानात ठेवावे.

या परिसरातील खरा शत्रू म्हणजे काटा. बाभळीचे व वेड्या बाभळीचे काटे, तसेच सराटे यांमुळे पंक्चर ही नित्याची बाब असते. दोन जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे साहित्य आणि टायर काढण्याचे पाने सोबत असणे आवश्यक आहे. पाणी किमान तीन लिटर असावे. हिवाळ्यातही दुपारचे ऊन कडक असते आणि मोकळ्या माळावर सावली विरळ.

ऋतूच्या संदर्भात आणखी एक बाब नोंदविली पाहिजे. पक्ष्यांचा हंगाम तोच उसाचा गळीत हंगाम असतो. या दिवसांत उसाने लादलेल्या बैलगाड्या व जोड ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर याच वाटांनी कारखान्याकडे जातात. त्यांच्या चाकांनी चाकोऱ्या खोल होतात. अरुंद पाणंदीत समोरून ट्रॅक्टर आल्यास सायकलस्वारानेच उतरून बाजूला उभे राहावे. भरलेल्या ट्रॉलीला मागे सरकता येत नाही आणि तो रस्ता प्रथमतः तिचा आहे. जामखेडसह बालाघाटच्या कोरडवाहू पट्ट्यातून दरवर्षी कुटुंबे ऊसतोडीसाठी या भागात येतात. खर्डा ते भीमाकाठ हा प्रवास कोणासाठी सहल असते, तर कोणासाठी पोटाची वाट, याचे भान सुटता कामा नये.

७. मोटार वगळल्याने काय साधते?

मोटारविरहित प्रवासाचा अर्थ केवळ शेवटचे दहा किलोमीटर सायकलने जाणे असा नाही. मोटारीच्या टपावर सायकल बांधून पाणवठ्यापर्यंत जायचे आणि तेथे ती उतरवायची, यात पाणथळीचा भार कमी होत नाही. या पट्ट्यात सार्वजनिक वाहनाने पोहोचणे शक्य आहे. खर्डा, जामखेड, कर्जत व राशीन ही गावे एस.टी.ने जोडलेली आहेत. दक्षिण तीरावर पुणे-सोलापूर लोहमार्गावरील भिगवण हे स्थानक आहे. २०२२ मध्ये अहिल्यानगर-आष्टी लोहमार्ग सुरू झाल्याने जामखेडच्या बाजूसही रेल्वे पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. सायकल सामान म्हणून नेण्याची सोय सर्वत्र सारखी नसते. निघण्यापूर्वी आगारात वा स्थानकात चौकशी करणे इष्ट.

मोटार वगळण्याचा पहिला लाभ गाळपट्ट्याला होतो. ओल्या गाळावरून गेलेल्या मोटारीच्या चाकांचे ओरखडे पुढील पाणी येईपर्यंत तसेच राहतात आणि एका मोटारीच्या मागे दुसरी त्याच खुणेवरून जाते. दुसरा लाभ गावाला होतो. मोटारीने येणारा पर्यटक थेट काठावर उतरतो व परततो. सायकलस्वार वाटेत चहाला थांबतो, पंक्चर काढून घेतो, भाकरी खातो, वाट विचारतो. तिसरा लाभ स्वतः प्रवाशाला होतो. मुरमाड माळ संपून काळी जमीन कोठे सुरू झाली, हवेत ओलावा कोठे जाणवू लागला, बाजरी-तुरीच्या जागी ऊस कोठे आला, हे सायकलच्या वेगात कळते. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी हे काळविटांसाठी १९८० मध्ये घोषित झालेले लहानसे अभयारण्य आहे. ते गवताळ माळावर आहे. अशा माळाला 'पडीक' म्हणणे किती चुकीचे आहे, हे त्याच्या कडेने संथपणे जाताना ध्यानी येते.

तथापि सायकल आपोआप निरुपद्रवी ठरते, असे मानणे शास्त्रीय होणार नाही. बंद मोटारीतील माणसापेक्षा उघड्यावर चालणाऱ्या किंवा सायकलवरील माणसाला अनेक पक्षी अधिक अंतरावरूनच बुजतात, हा पक्षिनिरीक्षकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. मोटारीची आकृती त्यांना माणसासारखी भासत नाही, हे त्याचे संभाव्य कारण होय. हिवाळ्यात वारंवार उडावे लागल्यास पक्ष्याची अन्न मिळविण्याची वेळ व साठविलेली ऊर्जा दोन्ही वाया जातात. म्हणून सायकलस्वाराने बांधावरूनच जावे, गाळात उतरू नये, थव्याकडे सरळ न जाता तिरक्या रेषेत जावे आणि पक्ष्यांनी माना वर करताच थांबावे. चांगले छायाचित्र मिळविण्यासाठी थवा उडविणे हा गंभीर दोष मानला गेला पाहिजे.

सुरक्षिततेविषयीही स्पष्टपणे लिहिणे कर्तव्य आहे. फुगवट्यामुळे समोरासमोरची गावे रस्त्याने दूर गेली आणि होडीचा प्रवास रूढ झाला. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव व इंदापूर तालुक्यातील कळाशी यांदरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. पैलतीर दिसतो म्हणून तो जवळ आहे, असे समजू नये. जीवरक्षक जाकीट नसलेल्या होडीत सायकलसह बसण्यापेक्षा पुलाचा वळसा कितीही लांबचा असला तरी पत्करावा.

८. इतरत्रचे अनुभव

सपाट पाणथळ प्रदेशातील जुन्या शेतवाटांचा असा उपयोग अन्यत्र झालेला आहे. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात समुद्रसपाटीच्या जवळपास असलेला विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे. तेथे चरांच्या कडेने गुरे नेण्यासाठी पाडलेल्या वाटांना 'ड्रोव्ह' म्हणतात. आपल्या पाणंदीशी त्यांचे साम्य लक्षणीय आहे. आज त्याच वाटांवरून सायकलस्वार व पक्षिनिरीक्षक फिरतात आणि शेतकऱ्यांची जनावरेही जातात.

बेल्जियममधील लिम्बर्ग प्रांतात १९९५ पासून वेगळा प्रयोग झाला. तेथे मार्गांना नावे देण्याऐवजी वाटांच्या प्रत्येक मिलनस्थानास क्रमांक देण्यात आला. प्रवाशाने केवळ क्रमांकांची मालिका लिहून घ्यायची व त्याप्रमाणे जायचे. ही कल्पना खाणीतील बोगद्यांच्या क्रमांकांवरून खाणकाम अभियंत्यास सुचली होती. पुढे ती नेदरलँड्समध्येही पसरली. यासाठी नवा रस्ता बांधावा लागला नाही, असलेल्या वाटा जोडून दाखवाव्या लागल्या. आपल्या दृष्टीने बोध घेण्याजोगी बाब हीच आहे.

९. वाटांपुढील प्रश्न

पाणंदीला आज दोन दिशांनी धोका आहे. पहिला धोका अतिक्रमणाचा. बांध थोडा-थोडा सरकतो, १६ फुटांचा गाडीमार्ग सहा फुटांचा होतो, मग पायवाट उरते आणि शेवटी केवळ गावनकाशावरची तुटक रेषा. दुसरा धोका याच्या उलट, म्हणजे अविचारी डांबरीकरणाचा. शेतमाल वेळेत बाजारात नेण्यासाठी, आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचविण्यासाठी बारमाही रस्ता हवा, ही शेतकऱ्याची मागणी पूर्णतः न्याय्य आहे. सायकलस्वाराच्या आनंदासाठी शेतकऱ्याने चिखल तुडवावा, असे कोणीही म्हणू नये. परंतु वस्तीपर्यंतचा रस्ता आणि वस्तीपासून पाण्यापर्यंतची वाट यांत भेद करता येतो. वस्तीपर्यंत पक्का रस्ता असावा; पुढे पाण्याकडे जाणारा फाटा खडी-मुरूम दाबून बैलगाडी, ट्रॅक्टर व सायकल यांना चालेल असा ठेवावा आणि पर्यटकांच्या मोटारी शेवटच्या वस्तीवरच थांबाव्यात.

हा भेद करण्याची निकड कायद्यातील एका उणिवेमुळे वाढते. १९७१ च्या रामसर कराराच्या व्याख्येत मानवनिर्मित पाणथळीही येतात. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वर हा जलाशय बंधाऱ्यामुळेच तयार झालेला आहे. तरीही २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. याउलट केंद्र शासनाच्या २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांतून सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय वगळण्यात आले आहेत. उजनीचा फुगवटा पक्ष्यांसाठी पाणथळ आहे. या नियमांच्या दृष्टीने मात्र तो सिंचनाचा साठा ठरतो. जेथे नियमाचे संरक्षण अपुरे आहे, तेथे काठावर कोणत्या वाहनाने जायचे हा निर्णय ग्रामसभेवर व प्रवाशाच्या विवेकावर येऊन पडतो.

१०. महाविद्यालयांनी करावयाची कामे

पाणंदीची जपणूक हे एखाद्या संस्थेचे वा एका विषयाचे काम नाही. आपल्या महाविद्यालयांतील विविध विभागांना यात वाटा उचलता येईल.

(अ) भूगोल विभागाने गावनकाशे मिळवून त्यांतील गाडीमार्ग व शिवरस्ते प्रत्यक्ष जागेवर तपासावेत. कोणती वाट खुली आहे, कोणती अरुंद झाली आहे, कोणती बुजली आहे याची तीन रकान्यांची नोंद जरी झाली, तरी ग्रामपंचायतीस ती उपयुक्त ठरेल. अडथळा नवा असल्यास सहा महिन्यांची मुदत ध्यानात घेऊन संबंधित शेतकऱ्यास वेळीच माहिती देता येईल.

(आ) प्राणिशास्त्र विभागाने जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घ्यावा. भारतीय उपखंडात ही गणना १९८७ पासून होत आहे. मोजणीची ठिकाणे सायकलने गाठल्यास खर्चही वाचेल व वाटेची पाहणीही होईल.

(इ) राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत पाणंदीतील काटेरी झुडपे काढणे, पाणी वाहून जाण्यासाठी चर काढणे ही कामे घेता येतील. कच्ची वाट मुख्यतः साचलेल्या पाण्याने बिघडते. कडेचा चर मोकळा राहिला तर मुरमाची वाट अनेक वर्षे टिकते.

(ई) मराठी विभागाने वाटा, बांध, माती व पाणी यांसंबंधीचे स्थानिक शब्द संकलित करावेत. वाट बुजली की तिचे नावही व्यवहारातून जाते.

(उ) इतिहास विभागाने खर्डा परिसरातील जुन्या वाटांचा व पेठांचा मागोवा घ्यावा. १७९५ च्या लढाईचे वर्णन राजकारणापुरते न ठेवता फौजा कोणत्या भूमीवरून व कशा चालल्या, या अंगानेही शिकविता येईल.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. उजनी फुगवट्याचा काठ अवघ्या ५.८० मीटरच्या पातळीफरकाने मागे-पुढे सरकतो. त्यामुळे तेथे कायमचा काठरस्ता बांधण्यापेक्षा हंगामाप्रमाणे बदलणारी कच्ची वाटच निसर्गाशी सुसंगत आहे. या वाटांसाठी लागणारी सायकल मुळात आपल्या प्रदेशाची आहे. तिच्यासाठी महागड्या आयातीची गरज नाही. पाणंद हा अभिलेखात नोंदलेला सार्वजनिक हक्क आहे, पण वापर व नोंद या दोन्हींअभावी तो क्षीण होत आहे. आणि सायकल निर्दोष नसली, तरी तिच्या स्वारास थांबणे, विचारणे व मागे फिरणे सोपे जाते. पाणथळीत याच तीन गोष्टींची सर्वाधिक गरज असते.

खर्ड्याहून भीमेकडे जाणारी वाट आजही आहे. ती चालती राहिली तर शेतकऱ्याची राहील, शाळकरी मुलीची राहील आणि अभ्यासकाचीही राहील. तिचा वापर थांबल्यास प्रथम ती बांधाखाली जाईल आणि मग विस्मृतीत. तिच्या नोंदीचा आरंभ आपल्या महाविद्यालयाच्या सर्वांत जवळच्या पाणंदीपासून करता येईल.